वडिलांचा मोबाईल बाजारात चोरीला गेला, आधी ब्लॉक करू की ट्रेस व्हायची वाट बघू?

कापूसवाला_चोपडा

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या, दोन दिवसांपासून डोकं चालत नाहीये.

परवा आमच्याकडचा आठवडे बाजार होता. आप्पा (वडील, वय ६३) भाजी घ्यायला गेले. मोबाईल नेहमीसारखा शर्टाच्या वरच्या खिशात, चष्म्याच्या डबीला लागून. कांद्याच्या ढिगापुढे वाकून कांदे निवडत होते, तर डाव्या बाजूने अजून एक जण वाकला आणि "काका हा घ्या, हा कोरडा आहे" म्हणत त्याने दोन कांदे स्वतःच्या हाताने यांच्या पिशवीत टाकले. आप्पांना वाटलं भला माणूस दिसतो. पैसे द्यायला सरळ उभे राहिले तर खिशात नुसती चष्म्याची डबी. कांदेवालीच्या फोनवरून रिंग दिली, दोनदा वाजली, तिसऱ्यांदा स्विच ऑफ. घरी आल्यावर एकच वाक्य, "आत्ते ते खिसाम्हा व्हता रे." त्या दिवशी जेवले पण नाहीत.

मोबाईल दीड वर्षापूर्वी १४ हजाराला घेतलेला, ड्युअल सिम. लॉक नाही. लॉक लावून दिला होता दोनदा, पण "माले उघडता येत नही" म्हणून त्यांनी शेजारच्या पोराकडून काढून घेतला. आणि खरी गोची अशी की यंदा व्यापाऱ्याला जो कापूस दिला त्याच्या भुईकाट्याच्या (गाडीसकट वजन करायचा काटा) तीन पावत्यांचे फोटो त्यातच आहेत, पेमेंट अजून अर्धंच आलंय, कागदी पावत्या धुण्यात गेल्या (शर्ट तोच, खिसा तोच).

पोलीस ठाण्यात गेलो होतो. अर्ज घेतला पण चोरी लिहू नका, गहाळ लिहा म्हणाले, शिक्का मारून पोच दिली. आता प्रश्न असा की नेट कॅफेवाला म्हणतो सरकारी साईटवर ब्लॉक करू नको, ब्लॉक केला की तो मोबाईल बंदच होतो मग ट्रेस कसा होईल. मामाचा मुलगा म्हणतो आधी ब्लॉक कर. आयएमईआय (प्रत्येक मोबाईलचा स्वतःचा ओळख नंबर) माहीत नाही, बॉक्समध्ये आईने सुया-दोरे ठेवले होते तो दिवाळीच्या साफसफाईत गेला. आणि सिम काढायला गेलो तर दुकानातल्या मशीनवर आप्पांचा अंगठाच येत नाही. काय करू?

रिपेअरवाला_धुळे

भाऊ मी १४ वर्षांपासून मोबाईल रिपेअरिंग करतो, हा "ब्लॉक केला की ट्रेस होत नाही" वाला प्रकार रोज ऐकतो, त्यामुळे सविस्तरच लिहितो.

आधी हे समजून घे की ट्रेस म्हणजे काय होतं. सिनेमात दाखवतात तसा नकाशावर लाल ठिपका फिरत नाही. मोबाईलमध्ये सिम टाकून चालू केला की तो टॉवरला स्वतःचा आयएमईआय सांगतो आणि सिमचा नंबर पण तिथे कळतो. तू सीईआयआरवर (म्हणजे चोरीचे मोबाईल ब्लॉक करायची ती सरकारी साईट) रिक्वेस्ट टाकलीस की तुझा आयएमईआय सगळ्या कंपन्यांच्या काळ्या यादीत जातो, साधारण २४ तासांत. मग जिओ असो एअरटेल असो व्हीआय असो बीएसएनएल असो, तो मोबाईल नेटवर्क मागायला आला की नकार मिळतो. पण नकार द्यायच्या आधी तो कोण आहे हे नेटवर्कने बघितलेलं असतंच ना. दारावर आलेल्या माणसाला आत घेतलं नाही म्हणजे त्याचं तोंड दिसलं नाही असं थोडीच आहे. कोणत्या सिमवरून चालू करायचा प्रयत्न झाला ती माहिती तुझ्या पोलीस स्टेशनला जाते आणि तुला पण मेसेज येतो की ट्रेस झाला, ठाण्यात संपर्क करा. म्हणजे ब्लॉकमुळे ट्रेस थांबत नाही. कॅफेवाल्याला सांग की बाबा तू झेरॉक्स काढ.

ही सिस्टीम आपल्याकडे काल-परवा आलेली नाही बरं का. सप्टेंबर २०१९ ला सुरुवातच महाराष्ट्रातून झाली होती, सोबत गोवा आणि दादरा नगर हवेली. सगळ्या देशात मे २०२३ ला आली, संचार साथी पोर्टल झालं तेव्हा. आता ॲप पण आहे, त्यातून पण होतं.

आयएमईआयचं टेन्शन घेऊ नको. आप्पांचा जीमेल तूच बनवला असशील. तो तुझ्या मोबाईलवर किंवा लॅपटॉपवर उघड आणि गुगलच्या फाइंड हबमध्ये जा (आधी फाइंड माय डिव्हाइस नाव होतं). मोबाईलच्या नावाशेजारी सेटिंगचं चिन्ह आहे ते दाब, आयएमईआय दिसतो. नाहीतर ज्या दुकानातून घेतला त्याच्या बिलबुकात असतो, हप्त्यावर घेतला असेल तर फायनान्सच्या कागदावर असतोच असतो. १५ आकडे असतात, पहिले ८ कंपनी आणि मॉडेलचे, शेवटचा आकडा नुसता तपासणीचा, त्यामुळे एखादा आकडा चुकला तरी फॉर्म सहसा घेत नाही. ड्युअल सिम म्हणजे दोन आयएमईआय. दोन्ही टाक. माझ्याकडे एक गिऱ्हाईक आलं होतं त्याने एकच टाकलेला, चोर बिनघोर दुसऱ्या स्लॉटमध्ये सिम टाकून वापरत होता.

आणि फाइंड हबमध्ये गेलास की "लॉक" दाब, स्क्रीनवर तुझा नंबर टाक. "इरेज" दाबू नको. इरेज झाला की त्याचं लोकेशन परत कधीच दिसणार नाही. चोराने रिसेट मारला तरी चालू करताना जुना गुगल आयडी मागतो, तो त्याला मिळत नाही, म्हणून असले मोबाईल आमच्यासारख्यांकडे "भाऊ जरा अनलॉक करून द्या" म्हणत येतात. बिल दाखव म्हटलं की "घरी आहे" म्हणून जे जातात ते जातातच.

अक्का_अमळनेर

रिपेअरवाले दादांनी मोबाईलचं सांगितलं, पण अरे बाळा सिम बंद केलंस का आधी ते सांग!! तुझ्या अख्ख्या पोस्टमध्ये बँकेचा शब्द नाही. बिना लॉकचा मोबाईल, त्यात सिम चालू, आणि गॅलरीत आप्पांच्या आधारचा फोटो असणारच, सगळ्यांच्या असतो, पीक विम्यासाठी काढलेला. आधारच्या नंबरवर आणि त्याच सिमवर आलेल्या ओटीपीवर यूपीआयचा पिन नवीन लावता येतो, एटीएम कार्ड हातात असायची पण गरज नाही. मी सेवा केंद्र चालवते, गेल्या वर्षी एका मावशींचे असेच गेले, मोबाईल ४ हजाराचा आणि खात्यातून गेले त्याच्या कितीतरी पट. आणि यूपीआय लाईट चालू असेल तर त्यातल्या पैशाला पिनच लागत नाही, हजाराच्या आतलं पेमेंट नुसतं बटण दाबलं की गेलं.

म्हणून आत्ता हे वाचता वाचता कंपनीला फोन लाव आणि सिम बंद कर. मग बँकेला फोन करून यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करायला सांग. पैसे गेलेले दिसले तर १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाईन) लगेच फोन, उद्या बघू करायचं नाही, पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता आले तर येतात.

अंगठ्याचं: शेतकऱ्यांचे ठसे घासलेले असतात, कापूस वेचणीच्या दिवसात तर बोंडाच्या काट्यांनी बोटं फाटलेली असतात, माझ्याकडे दिवसाला चार जण तरी असे येतात. अंगठाच पाहिजे असा नियम नाही, दहाही बोटं लावून बघ, करंगळीशेजारचं बोट खूप वेळा लागतं. आधी कोमट पाण्याने हात धुवायचे, थोडं खोबरेल चोळायचं, कोरड्या फडक्याने पुसायचे, मग मशीनची काच पण पुसायची (ती कोणी पुसत नाही!). तरी नाही झालं तर छोट्या दुकानात वाद न घालता कंपनीच्या मोठ्या स्टोअरला ने, तिथे मूळ कागदपत्रं बघून, समोर फोटो काढून पण सिम देतात. आप्पांना स्वतः यावं लागेल, तू गेलास तर नाही देणार.

आणि एक, नवीन सिम चालू झालं तरी पहिले २४ तास मेसेज येत नाहीत. हा नियमच आहे, सिम बदलून लुटणाऱ्यांसाठी केलेला. लोक सिम टाकतात, सीईआयआरचा फॉर्म भरतात, ओटीपी येत नाही म्हणून साईटला शिव्या देतात. दुसऱ्या दिवशी भर.

तापीकाठ

काय भो तुम्ही पण. काही होत नाही. माझे दोन गेले, एक यात्रेत एक एसटीत चढताना. अर्ज दिला, ब्लॉक केला, सगळं केलं. तीन वर्षं झाली. पेपरात फोटो येतात साहेब मोबाईल परत देऊन राह्यले म्हणून, त्यात आपला कधी नसतो. मोबाईल खोलून डिस्प्ले वेगळा बोर्ड वेगळा विकतात हे लोक, सिम टाकणारच नाही तर तुमचं सीईआयआर काय झेंडा ट्रेस करणार?

रिपेअरवाला_धुळे

@तापीकाठ खोटं नाही बोलत तुम्ही. पार्ट करून विकला तर मिळत नाही. देशाबाहेर गेला तर ही यादी तिथे लागू नाही, तो तिकडे बिनधास्त चालतो. काही जण आयएमईआय पण बदलतात, त्याला नवीन टेलिकॉम कायद्यात ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे, तरी करणारे करतात. आणि ब्लॉक मोबाईल वायफायवर चालतोच, घरी पोरांना कार्टून दाखवायला दिला तर कोणाच्या बापाला कळणार नाही.

पण १०-१५ हजारातले मोबाईल पार्टमध्ये कमी जातात, डिस्प्लेला भाव येत नाही. ते अख्खेच विकले जातात, बाहेरगावी, कामावरच्या मजुरांना, बिना बिलाचे. आणि ज्याने विकत घेतला तो सिम टाकतोच. म्हणून मध्यम भावाचे मोबाईल परत मिळताना मी जास्त बघितलेत. भारी मोबाईलवाले रडतात.

सुरतकर_खान्देशी

मला मिळाला, म्हणून लिहितो. उशिरा मिळाला पण मिळाला.

मी सुरतला टेक्स्टाईलमध्ये आहे, मूळ गाव शिंदखेडा तालुक्यात. आखाजीला गावी आलो होतो, परत जाताना भुसावळ सुरत गाडीत रात्री मोबाईल चार्जिंगला लावला आणि झोपलो, वायर हातात गुंडाळून, म्हणजे मला वाटलं लई हुशारी केली. नंदुरबारला जागा होतो तेव्हा मोबाईल होता. नवापूरला डोळा उघडला तर हातात वायर, पुढे काही नाही. आता गंमत बघा, नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत, फलाटावर बाकडं पण दोन राज्यांत आहे. चोरी कुठे झाली ते मलाच माहीत नाही. एका ठिकाणी म्हणाले पलीकडे द्या, पलीकडे म्हणाले तिकडे द्या. शेवटी रेल्वेच्या १३९ हेल्पलाईनला फोन लावला आणि उतरल्यावर रेल्वे पोलिसांत लिहून दिलं. तिथल्या हवालदाराने सांगितलं की हद्द कुठली का असेना, तक्रार घ्यावीच लागते, झिरो नंबरने घेतात आणि मग जिथली तिथे पाठवतात. हे आधीच्या दोघांना माहीत नव्हतं असं नाही.

ब्लॉक तिसऱ्या दिवशी केला. त्यानंतर काही नाही. मी नवीन घेऊन टाकला, विसरलो. सात महिन्यांनी मेसेज आला ट्रेस झाल्याचा. मला वाटलं फ्रॉड आहे, उघडलाच नाही. दोन दिवसांनी ठाण्यातून फोन. तो मोबाईल दुसऱ्या राज्यात एका वीटभट्टीवरच्या माणसाकडे निघाला, त्याने ४ हजाराला घेतलेला. पोलिसांनी त्याला फोनवर सांगितलं की बाबा चोरीचा आहे, कुरियरने पाठव. त्याने पाठवला. कव्हर पण माझंच होतं, मागे बायकोने चिकटवलेला खंडेरायाचा छोटा फोटो तसाच.

मिळाल्यावर लोक चुकतात ते सांगतो. हातात आला तरी तो ब्लॉकच असतो, सिम टाकलं तर नेटवर्क नाही. परत त्याच साईटवर जाऊन अनब्लॉकचा फॉर्म भरायचा, त्याला पहिल्या वेळचा रिक्वेस्ट आयडी लागतो. मी तो जुन्या मेसेजमध्ये शोधत अर्धा दिवस घालवला. तुम्ही कुठेतरी वहीत लिहून ठेवा.

त्या वीटभट्टीवाल्याचे ४ हजार मात्र गेले. त्याचं वाईट वाटतं कधी कधी.

वरणगाव_फाटा

@सुरतकर तो वीटभट्टीवाला मी आहे समजा 😅 म्हणजे मी नाही, पण माझ्या बाबतीत सेम झालं. मित्राच्या मित्राकडून सेकंड हँड घेतला, साडेसहा हजार, बिल नंतर देतो म्हणाला. दोन महिने मस्त चालला, मग एक दिवस नेटवर्क गायब. मी दोन सिम बदलले, रिचार्ज केला, दुकानात नेला, १५० रुपये दिले. मग ठाण्यातून फोन, "तुमच्याकडे अमुक मॉडेल आहे का." पाय कापायला लागले. आईने देवापुढे दिवा लावला. मोबाईल जमा केला, जबाब दिला, ज्याच्याकडून घेतला त्याचा नंबर दिला, तो नंबर बंद. चोरीचा माल माहीत असून घेतला तर तो वेगळा गुन्हा आहे, मला माहीत नव्हतं हे सिद्ध करायला व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि फोनपेची एंट्री कामाला आली. रोख दिले असते तर काय केलं असतं देव जाणे.

आता कोणी सेकंड हँड घेत असेल तर मी आधी आयएमईआय विचारतो. स्टार हॅश ०६ हॅश दाबलं की स्क्रीनवर येतो. मग इंग्रजीत केवायएम लिहून स्पेस देऊन तो नंबर टाकून १४४२२ ला मेसेज करायचा. किंवा संचार साथी ॲपमध्ये बघायचं. ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा ऑलरेडी इन यूज असं काही आलं तर हात लावायचा नाही. बॉक्सवरचा आणि स्क्रीनवरचा आयएमईआय जुळतो का ते पण बघा, बॉक्स दुसऱ्याच मोबाईलचा देतात.

कोर्टाच्या_मागे

वकील आहे, सल्ला फुकट आहे म्हणून हलक्यात घेऊ नका.

कापूसवाले भाऊ, गहाळ आणि चोरी यात फरक आहे. सीईआयआरला ब्लॉक करायला गहाळची पोच चालते, तिथे हरवला आणि चोरीला गेला दोन्ही घेतात, त्यामुळे ते काम अडणार नाही. पण गहाळ म्हणजे तुमच्या हातून पडला. गुन्हाच झाला नाही, तर आरोपी कुठून येणार? विमा असेल तर कंपनी एफआयआर मागते, गहाळच्या दाखल्यावर हात वर करते. तुमच्या केसमध्ये शेजारी वाकलेला माणूस आहे, कांदेवाली साक्षीदार आहे, रिंग वाजून मग स्विच ऑफ झाला, ही सरळ चोरी आहे, बीएनएस (भारतीय न्याय संहिता) ३०३. दखलपात्र आहे. नवीन कायद्यात ५ हजारांच्या आतल्या किरकोळ चोरीला पहिल्या वेळी वस्तू परत केली तर समाजसेवेची शिक्षा वगैरे सवलत आहे, १४ हजाराला ती नाही लागत.

नाही घेतली फिर्याद तर भांडत बसू नका. बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १७३ खाली लेखी अर्ज पोस्टाने एसपी साहेबांना पाठवता येतो, त्याची तरतूदच आहे. बहुतेक वेळा "साहेबांना लिहितो" एवढं शांतपणे म्हटलं की खुर्ची पुढे येते. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, झेरॉक्सचे पैसे पण द्यायचे नाहीत.

आणि कृपा करून लोकेशन दिसलं म्हणून चार पोरं घेऊन तिथे जाऊ नका. माझ्याकडे एक अशी केस आहे ज्यात मोबाईल ज्याचा गेला तोच आज आरोपी आहे, मारहाणीचा.

कापूसवाला_चोपडा

सगळ्यांचे आभार, अक्कांचे जास्त, कारण सिम खरंच बंद केलं नव्हतं. डोक्यातच आलं नाही. तुमची पोस्ट वाचली तेव्हा रात्रीचे साडेअकरा, तेव्हाच फोन लावला. खात्यातून काही गेलेलं नाही, यूपीआय लाईटमध्ये ३४० रुपये होते ते गेले. चोराने त्यातून १९९ चा रिचार्ज मारलाय कुठल्यातरी नंबरवर, स्टेटमेंटमध्ये दिसतंय. वकीलसाहेब, हे फिर्यादीला जोडू का? मला वाटतं हा त्याने मोठा गाढवपणा केला.

सिम झालं. अंगठा नाही, उजव्या हाताची अनामिका लागली, अक्का तुम्ही म्हणाल्या तेच बोट. आप्पा दुकानदाराला म्हणे, "देख, अंगठ्यापेक्षा हाई बोट जास्त इमानदार शे."

जीमेलमध्ये आयएमईआय दोन्ही सापडले. लोकेशन बाजाराच्या मागच्या गल्लीत थांबलेलं, तिथेच बंद केला असणार. लॉक पाठवलाय, चालू झाला की लागेल. सीईआयआरचा फॉर्म काल भरला, पोच आणि आधार जोडलं, बिल दुकानदाराने परत काढून दिलं ते पण जोडलं. आज सकाळी ब्लॉक झाल्याचं आलं. रिक्वेस्ट आयडी दरवाजाच्या मागे खडूने लिहिलाय, दूधवाल्याच्या हिशोबाखाली.

आता एक नवीन भानगड. दुपारी आप्पांच्या नवीन सिमवर फोन आला, हिंदीत, "आपका मोबाईल मिल गया है, सेंटर से बोल रहे हैं, एक ओटीपी आया होगा वो बता दीजिए तो कुरियर कर देंगे." आप्पा इतके खूश झाले की पत्ता सांगून टाकला, ओटीपी वाचायला चष्मा शोधत होते तेवढ्यात मी आलो म्हणून वाचलो. हे खरं असू शकतं का?

अक्का_अमळनेर

नाही नाही नाही. १००% चोर किंवा त्याचा भाऊबंद. गुगलचा पासवर्ड बदलायचा असेल त्याला, तो ओटीपी तुमच्या नंबरवर येतो. पोलीस ओटीपी मागत नाहीत, सीईआयआरवाले तर फोनच करत नाहीत, मेसेज येतो आणि ठाण्यात जा म्हणतो. तो नंबर संचार साथीवर चक्षू म्हणून संशयित कॉल कळवायची सोय आहे तिथे टाकून दे. आणि जीमेलचा पासवर्ड आत्ता बदल.

कोर्टाच्या_मागे

१९९ चं स्टेटमेंट अवश्य जोडा. रिचार्ज कोणत्या नंबरला गेला ते पोलिसांना कंपनीकडून काढता येतं. हा आलेला नंबर पण जोडा. तुमचा चोर स्वतःच कागद तयार करून देतोय.

कापूसवाला_चोपडा

अपडेट. एफआयआर झाली. एसपी साहेबांचं नाव काढायची वेळच आली नाही, स्टेटमेंट दाखवल्यावर तिथले जमादार स्वतःच म्हणाले "अरे हे आधी का नाही दाखवलं." आधी ते आलंच नव्हतं हे मी बोललो नाही.

मोबाईल अजून ट्रेस नाही. ठीक आहे, सुरतकर भाऊंचे सात महिने धरून चाललोय.

फोटोंचं: गुगल फोटोजमध्ये बॅकअप चालू होता पण फक्त वायफायवर, आणि आप्पा वायफायमध्ये येतात फक्त माझ्या घरी. त्यामुळे पहिल्या दोन काट्याच्या पावत्या मिळाल्या, तिसरी त्यानंतरची होती ती नाही. व्यापाऱ्याला विचारलं तर तो म्हणतो त्या खेपेला १८ क्विंटलच होता. आप्पा म्हणतात २१. व्यापारी वाईट माणूस नाही, दहा वर्षांचा व्यवहार आहे, पण तीन क्विंटल म्हणजे एका मोबाईलपेक्षा जास्त झाले ना.

रिपेअरवाला_धुळे

अरे मग काट्यावर जा की. भुईकाट्याचं कॉम्प्युटर असतं, गाडी नंबर आणि तारीख टाकली की जुनी नोंद निघते, डुप्लिकेट पावती देतात, माझ्या भाच्याने उसाची काढली होती. लवकर जा पण, कॉम्प्युटर फॉरमॅट मारला की गेलं. गाडी कोणाची होती?

कापूसवाला_चोपडा

गावातल्याच एकाचं पिकअप. आप्पांना नंबर पाठ आहे, आत्ता विचारला तर झोपेतून उठून सांगितला. उद्या सकाळी निघतो.